१६० चेंडू, आणि दुसऱ्या दिवशी आणखी १५

ईशान्य जपानमधल्या सेंदाई शहरात बेसबॉलपटू तानाका मासाहिरोचा विषय निघाला की बोलणं हमखास दोन आकड्यांवर येतं: १६० आणि १५. २ नोव्हेंबर २०१३ ला जपान सिरीजच्या, म्हणजे जपानचा विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात त्याने १६० चेंडू टाकले आणि सामना हरला. दुसऱ्याच दिवशी, सातव्या आणि निर्णायक सामन्यात, शेवटच्या, नवव्या इनिंगला (दोन्ही संघांच्या बॅटिंगच्या एकेका पाळीला) तो पुन्हा मैदानात आला. आणखी १५ चेंडू टाकले आणि तोहोकु राकुतेन गोल्डन ईगल्स हा संघ पहिल्यांदा जपानचा विजेता झाला.

आपल्या भाषेत सांगायचं तर १६० चेंडू म्हणजे २६ षटकं आणि ४ चेंडू, तेही एकाच संध्याकाळी. पण क्रिकेटच्या हिशेबाने ही मेहनत नीट कळत नाही. आपल्या गोलंदाजाला धावत यायला मिळतं आणि चेंडू सोडताना कोपर सरळ करायला नियमाने मनाई आहे. पिचरला, म्हणजे बेसबॉलच्या गोलंदाजाला, धावत यायला मिळत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं, पाय उचलायचा, आणि वाकवलेला हात चाबकासारखा पुढे आणायचा. समोरची होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, १८.४४ मीटरवर. या झटक्याचा सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. म्हणूनच इथे प्रत्येक पिचरचे चेंडू मोजले जातात. सामना सुरू करणारा पिचर साधारण १०० ते १२० चेंडू टाकतो आणि मग जपानमध्ये त्याची पाळी थेट आठवड्याने येते. सोमवारी सहसा सामने नसतात, त्यामुळे सहा पिचरांचं चक्र बरोबर बसतं. १६० नंतर दुसऱ्याच दिवशी चेंडू हातात घेणं या सगळ्या शिस्तीच्या बाहेरचं होतं.

मग तो का घेतला? त्याचं उत्तर या संघाच्या जन्मात आहे.

२००४ मध्ये ओसाकाचा किन्तेत्सु आणि कोबेचा ओरिक्स हे दोन संघ एकत्र करायचं ठरलं. खेळाडूंनी सप्टेंबरमध्ये दोन दिवस संप केला. जपानी व्यावसायिक बेसबॉलमधला तो पहिला संप. त्यातून एका नव्या संघाला जागा मिळाली आणि ती राकुतेन या कंपनीने सेंदाईत घेतली. खेळाडू मुख्यतः दुसऱ्या संघांनी न ठेवलेले. २००५ चा पहिला सामना जिंकले, दुसरा ०-२६ ने हरले. वर्षअखेर ३८ विजय, ९७ पराभव. २००६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या निवडीत, चार संघांनी तानाकाची मागणी केली आणि चिठ्ठी राकुतेनची निघाली. त्याच उन्हाळ्यात कोशिएन मैदानावरच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात १५ इनिंग होऊनही १-१ अशी बरोबरी झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळवलेला सामना त्याची शाळा ३-४ ने हरली. शेवटचा बाद झालेला बॅटर तानाका स्वतःच होता.

आणि मग ११ मार्च २०११. भूकंप आणि त्सुनामीने तोहोकुचा, म्हणजे ईशान्य जपानचा, किनारा उद्ध्वस्त झाला, सेंदाईचं स्टेडियमही मोडलं. संघ घरच्या मैदानावर परतला तो २९ एप्रिलला. त्या दिवशी तानाकाने सगळ्या इनिंग एकट्याने टाकून सामना जिंकून दिला. ज्यांची घरं वाहून गेली अशा लोकांसाठी त्या दिवसापासून हा संघ फक्त बेसबॉलचा राहिला नाही. २०१३ चा शेवट समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात घ्यावं लागतं.

२०१३ मध्ये तानाकाने लीगमध्ये २४ सामने जिंकले आणि एकही हरला नाही. दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेले रन, क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे गेलेले वगळता, सरासरी १.२७. सप्टेंबरमध्ये लीगचं विजेतेपद ठरवणारी शेवटची इनिंगही त्यानेच टाकली. अंतिम मालिकेत समोर योमिउरी जायंट्स, जपानमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात बलाढ्य संघ. दुसरा सामना तानाकाने २-१ ने जिंकून दिला. सहाव्यात मात्र त्याला १२ हिट (यशस्वी फटके) बसले, २-० ची आघाडी गेली आणि सामना २-४ ने हरला. २०१२ च्या ऑगस्टनंतरचा हा त्याचा पहिलाच पराभव. सातव्या सामन्यात मिमा मानाबुने सहा इनिंग आणि नवख्या नोरिमोतो ताकाहिरोने दोन इनिंग टाकल्या, जायंट्सला एकही रन मिळाला नाही. ३-० आघाडी, पाऊस, आणि तानाकाने स्वतः तयारी दाखवलेली. व्यवस्थापक होशिनो सेनइचींनी त्याला उतरवलं तेव्हा सगळं स्टेडियम त्याच्या आगमनाचं गाणं म्हणत होतं.

ती इनिंग सोपी गेली नाही. दोन हिट बसले. दोन बाद, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर (होम प्लेटकडे परतायच्या वाटेवरच्या थांब्यांवर) जायंट्सची माणसं, म्हणजे एका होमरनने, थेट प्रेक्षकांत गेलेल्या फटक्याने, तिघेही घरी येऊन बरोबरी. समोर यानो केन्जी. शेवटचा चेंडू स्प्लिटर, यानोची बॅट हवेतून फिरली.

हा स्प्लिटर म्हणजे तानाकाची खरी ओळख. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू धरायचा, अंगठा खाली. हात वेगवान चेंडूइतक्याच जोरात फिरवायचा. बोटं चेंडूच्या मागे नसून बाजूला असल्याने उलटी फिरकी कमी पडते, त्यामुळे सरळ येणारा चेंडू प्लेटजवळ एकदम खाली बसतो. बॅटरला तो सुरुवातीला साध्या वेगवान चेंडूसारखाच दिसतो. पण पकड थकव्याने ढिली झाली किंवा चेंडू निसटला की तो खाली न बसता कमरेच्या उंचीवर लोंबकळतो आणि प्रेक्षकांत जातो. पुढे न्यूयॉर्कमध्ये २०१७ च्या एका हंगामात त्याला ३५ होमरन बसले.

अमेरिकेला जायचं तर परदेशात मोकळेपणी करार करण्यासाठी जपानी खेळाडूला नऊ हंगाम पूर्ण करावे लागतात. तानाकाचे सातच झाले होते. अशा वेळी मूळ संघाने संमती देऊन खेळाडू बाजारात आणायचा, याला पोस्टिंग म्हणतात. आधी बंद पाकिटातली बोली असे. २०११ मध्ये दारविश या पिचरसाठी त्याच्या संघाला ५ कोटी १७ लाख डॉलर मिळाले होते. डिसेंबर २०१३ मध्ये नियम बदलला आणि संघाला मिळणारी रक्कम २ कोटी डॉलरवर रोखली गेली. राकुतेनने तेवढ्यावर त्याला जाऊ दिलं. आपल्या पहिल्या विजेतेपदाच्या शिल्पकाराला इतक्या कमी पैशांत सोडलं, याचं मोल सेंदाईकर आजही मानतात. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाने त्याच्याशी सात वर्षांचा १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला.

जुलै २०१४ मध्ये कोपराचा तोच अस्थिबंध अंशतः फाटल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेत शरीरातला दुसरा स्नायूबंध काढून तिथे बसवतात, आणि परतायला वर्षभर किंवा जास्त लागतं. तानाकाने शस्त्रक्रिया टाळली, स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन घेतलं आणि सप्टेंबरमध्ये परत आला. त्या १७५ चेंडूंनी कोपर गेलं का? आमच्या मते सगळं खापर त्या दोन रात्रींवर फोडणं बरोबर नाही. पंचविशीच्या आत जपानमध्ये १३०० हून जास्त इनिंग टाकून झाल्या होत्या. अमेरिकेत आठवड्याऐवजी पाचव्या-सहाव्या दिवशी पाळी येते, आणि तिथला चेंडू थोडा मोठा नि निसरडा असल्याने जास्त घट्ट धरावा लागतो. कोपरावर हे सगळं साठत जातं.

यांकीजसाठी त्याने ७८ सामने जिंकले, पण वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतली अंतिम मालिका, एकदाही जिंकता आली नाही. २०२१ मध्ये तो सेंदाईला परतला. तीन हंगामांत ४, ९ आणि ७ विजय मिळाले, एकूण १९७. मग कोपराची शस्त्रक्रिया, आणि २०२४ मध्ये एकच सामना, विजय शून्य. तीन विजयांवर दोनशेचा टप्पा असताना राकुतेनशी नातं तुटलं आणि त्याला घेतलं ते योमिउरी जायंट्सने. ३० सप्टेंबर २०२५ ला, सेंदाईतल्या १८ ऐवजी पाठीवर ११ क्रमांक घेऊन, टोकियो डोममध्ये त्याने दोनशेवा विजय मिळवला. राकुतेनचं जपान सिरीजचं विजेतेपद अजून ते २०१३ चं एकच आहे.