'निरंक' म्हणजे नक्की काय?

भाचा इंग्लंडात असतो. दिवाळीत आला तेव्हा सहज म्हणाला, "मामा, तिकडे पोलिसानं टेसर नुसतं रोखलं, चालवलं नाही, तरी फॉर्म भरावा लागतो." टेसर म्हणजे विजेचा झटका देणारं पिस्तुलासारखं हत्यार. तिकडे २०१७ पासून बळाच्या प्रत्येक वापराची अशी नोंद होते आणि सरकार आकडे छापतं.

आम्ही पंचवटीकर. २००३ च्या सिंहस्थातली चेंगराचेंगरी, त्यात गेलेली ३९ माणसं विसरलेलो नाही. आता २०२७ तोंडावर आहे. उद्या गर्दी आवरायला ही झटक्याची हत्यारं आली तर त्यांचा हिशेब कोण ठेवणार? म्हटलं, पोलिसांनाच माहितीच्या अधिकारात विचारू या.

मी दोन पानं लिहिली. बायकोनं वाचली आणि म्हणाली, "हे भाषण आहे, अर्ज नाही." खरंच होतं. आपल्या राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत. शिवाय 'का' विचारून उपयोग नसतो; कार्यालयाकडे असलेला कागद मागायचा. शेवटी दोनच गोष्टी मागितल्या: विद्युत झटका देणारी उपकरणं किती आहेत, आणि त्यांच्या वापराच्या नोंदवहीची प्रत. 'टेसर' हा शब्द मुद्दाम टाळला. ते एका कंपनीच्या उत्पादनाचं नाव. साठ्याच्या वहीत दुसरंच काही लिहिलेलं असलं की उत्तर कोरं येतं. सीबीएस बसस्थानकाजवळ दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट घेतलं, अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यावर, म्हणजे जोडपत्र 'अ'वर चिकटवलं आणि अर्ज देऊन पोच घेतली.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं. उपकरणांची संख्या सुरक्षेच्या कारणानं देता येत नाही. नोंदवही: निरंक.

त्या एका शब्दावर मी चार दिवस अडलो. एकदाही वापर झाला नाही म्हणून निरंक, की वहीच नाही म्हणून निरंक? पहिलं असेल तर आनंद आहे. दुसरं असेल तर वापर झाला की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे जातं, त्यामुळे फारशी आशा नव्हती. पण सुनावणी घेणारे साहेब शांतपणे ऐकून घेणारे निघाले. संख्येचा हट्ट मी सोडला, फक्त वहीचं विचारलं. ते म्हणाले, "वापर झालाच तर स्टेशन डायरीत येतोच की." मी म्हटलं, "साहेब, डायरी तारखेनं चालते. तारीखच माहीत नसेल तर शोधायचं कसं?" टेसरच्या आत घोडा दाबल्याची वेळ आपोआप नोंदली जाते, हे मी वाचून गेलो होतो, तेही सांगितलं. बाजूचे माहिती अधिकारी हसले. साहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी सुधारित उत्तर आलं: 'अशी स्वतंत्र नोंदवही ठेवण्यात येत नाही.'

नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं अपील करता येतं. पण नसलेली वही आयोग तरी कुठून देणार? त्याऐवजी नवा अर्ज लिहायला घेतलाय: असं उपकरण वापरल्यावर नोंद कशी करायची, याबद्दलच्या लेखी आदेशाची प्रत. या वेळी बासष्ट शब्दांत बसलंय.