म्हातारी उभी करताना: पेगी ॲशक्रॉफ्टकडून काय घ्यावं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या हौशी संघांत स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की एक अडचण हमखास येते. संहितेत साठी-सत्तरीची आई असते आणि संघातली सगळ्यांत मोठी मुलगी असते चोवीस वर्षांची. मग केसांना पांढरा रंग, कमरेत वाक, हातात काठी आणि आवाजात कंप. पहिली पाच मिनिटं सगळं ठीक चालतं. पंधराव्या मिनिटाला मुलगी वाक विसरते आणि कंप फक्त वाक्याच्या सुरुवातीपुरता उरतो. त्यात तिचा दोष नाही. आवाज कापता ठेवायचा तर घसा आवळून धरावा लागतो, आणि आवळलेल्या घशातून शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. मोठं वाक्य आलं की ती नकळत घसा मोकळा सोडते आणि त्या क्षणी पुन्हा चोवीसची होते.

या दुखण्यावर कुणाचं काम अभ्यासायचं असेल तर डेम पेगी ॲशक्रॉफ्टचं. इंग्लंडची ही नटी वयाच्या बाबतीत रंगभूमीवर जे करून गेली, त्याच्या जवळपास जाणारी माणसं फार थोडी.

जन्म 22 डिसेंबर 1907, लंडनजवळच्या क्रॉयडनचा. सोळाव्या वर्षी ती एल्सी फोगर्टीच्या सेंट्रल स्कूल या लंडनच्या नाट्यशाळेत दाखल झाली. पुढे मोठा नट झालेला लॉरेन्स ऑलिव्हिए तिच्याच वेळी तिथे शिकत होता. शाळेचा सगळा भर स्वच्छ उच्चारांवर आणि सुरेल आवाजावर. पेगीला मात्र रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीच्या आत्मचरित्रातून जास्त मिळालं. 1926 मध्ये बर्मिंगहॅम रेपर्टरी या नाट्यगृहात तिनं व्यावसायिक रंगमंचावर पाऊल टाकलं. 1930 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमोर ती डेस्डिमोना झाली. कृष्णवर्णीय नटाबरोबर गोऱ्या मुलीनं प्रेमाचा प्रवेश करावा हे त्या काळी अनेकांना सहन झालं नाही, आणि तिला द्वेषाची पत्रं आली. रोबसनबरोबरच्या त्या कामानं तिला वर्णद्वेषाची पहिली जवळून ओळख झाली. 1935 मध्ये ती ज्युलिएट झाली. त्या प्रयोगांत नट जॉन गिलगुड आणि ऑलिव्हिए रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आपसांत बदलून करत. पुढे चेकॉव्ह, इब्सेन, ब्रेख्त यांची नाटकं. 1956 मध्ये डेम हा किताब. 1960 मध्ये दिग्दर्शक पीटर हॉलनं स्ट्रॅटफर्डला कायमस्वरूपी संच बांधायला घेतला, तेव्हा दीर्घ मुदतीचा करार करून ती त्याच्या मागे उभी राहिली. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनी म्हणून नावारूपाला आला तो हाच संच. त्याच हंगामात बावन्नाव्या वर्षी तिनं 'टेमिंग ऑफ द श्रू'मधली कॅथरिना केली. समोरचा पीटर ओटूल होता सत्तावीसचा.

खरा धडा मात्र 1963 चा आहे. हॉल आणि जॉन बार्टन यांनी 'हेन्री सहावा'चे तीन भाग आणि 'रिचर्ड तिसरा' एकत्र करून तीन नाटकं बांधली, नाव 'द वॉर्स ऑफ द रोझेस'. त्यात पेगी झाली मार्गारेट. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा फ्रान्सची कोवळी राजकन्या असते. पुढे ती राणी होते, मग स्वतः सैन्य घेऊन लढणारी बाई, मग एकुलत्या मुलाचा खून डोळ्यांदेखत पाहणारी आई, आणि शेवटी राजवाड्यात भटकत सगळ्यांना शाप देणारी म्हातारी. हा शेवटचा भाग शेक्सपिअरची स्वतःची जोड. खऱ्या मार्गारेटचं निधन 1482 मध्येच झालं होतं, रिचर्ड गादीवर यायच्या आधी. पेगी तेव्हा पंचावन्न वर्षांची होती. काही दिवशी तिन्ही नाटकं सकाळपासून रात्रीपर्यंत ओळीनं होत, म्हणजे प्रेक्षकांसमोर एका दिवसात बाईचं अख्खं आयुष्य सरायचं. नुसत्या पांढऱ्या केसांवर एवढा पल्ला निभत नाही.

मार्गारेटच्या बोलण्यात तिनं किंचित फ्रेंच वळण ठेवलं. ही बाई कितीही वर्षं राणी राहिली तरी परकीच, हे त्यातून कळतं. आपल्याकडे याचा उपयोग सहज करता येतो. समजा, भूमिका अमळनेरहून लग्न होऊन पुण्यात गेलेल्या बाईची आहे. तिला सगळी अहिराणी बोलायला लावली की नक्कल होते. एकच अक्षर धरा, 'ळ'. शांत असताना ती 'डोळा', 'काळा' असं म्हणेल, पण राग अनावर झाला की 'डोया', 'काया'. उतारवयात माणूस माहेरच्या बोलीकडे सरकतं, म्हणून तिसऱ्या अंकात हा 'य' रागाशिवायही येऊ द्या. वय आणि माहेर, दोन्ही कामं एका अक्षरात होतात.

'द वॉर्स ऑफ द रोझेस'मध्येच मार्गारेट पकडलेल्या शत्रूला, यॉर्कला, त्याच्या लहान मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल डोळे पुसायला देते आणि त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवते. हा प्रवेश बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. कुंकवाचं पाणी वापरू नका, दिव्यांखाली ते गुलाबी दिसतं. अर्धी वाटी साखरेचा घट्ट पाक, त्यात दोन चमचे खाण्याचा पातळ लाल रंग, चिमूटभर कॉफी आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू राहिलं तर रुमाल वाळताना पाक साखर धरतो आणि कापड पापडासारखं कडक होतं. दर प्रयोगाला नवा रुमाल घ्या.

1975 मध्ये तिनं बेकेटच्या 'हॅपी डेज'मधली विनी केली, दिग्दर्शन पुन्हा हॉलचंच. पहिल्या अंकात बाई कमरेपर्यंत मातीच्या ढिगात पुरलेली, दुसऱ्या अंकात गळ्यापर्यंत. पहिल्या अंकात हातांना पिशवी, टूथब्रश, आरसा, छत्री अशी कामं असतात. दुसऱ्यात उरतात फक्त डोळे आणि तोंड. प्रशिक्षणासाठी याहून चांगली शिक्षा नाही. कुणी हे नाटक खानदेशात करायला घेतलं तर ढीग पोत्यांचा करू नका, तागाची धूळ थेट घशात जाते. लाकडी सांगाड्यावर जाळी, वर सुती चादर आणि डिंकात कालवलेला रंग पुरे. मागून आत शिरायला झडप ठेवा. नटीला उभं ठेवू नका, गुडघे आखडतात. स्टूल द्या, आणि दुसऱ्या अंकासाठी सुमारे दीड फुटानं बुटकं दुसरं स्टूल. तिला खाली पाहता येत नाही, म्हणून पिशवीतली प्रत्येक वस्तू ठरलेल्या कप्प्यातच हवी. एप्रिलमध्ये प्रयोग असेल तर आत छोटा पंखा लागेलच. पण बेकेटच्या नाटकात शांतता हाच संवाद असतो, तेव्हा पंखा बिनआवाजाचा निवडा.

सिनेमे तिनं मोजकेच केले. जगाला ती खऱ्या अर्थानं दिसली 1984 मध्ये, आणि दोन्ही वेळा भारतात आलेली म्हातारी इंग्रज बाई म्हणून. 'द ज्युएल इन द क्राउन' या चौदा भागांच्या दूरदर्शन मालिकेत ती निवृत्त मिशनरी शिक्षिका बार्बी बॅचलर होती, तर डेव्हिड लीनच्या 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये मिसेस मूर. ही जोडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. बार्बी सारखी बोलते, कारण बोलणं थांबलं की एकटेपण उघडं पडतं. पुढे अपघातानंतर तिचं बोलणंच जातं. मिसेस मूर मात्र हळूहळू आपणहून मिटत जाते. मशिदीत तरुण डॉक्टर अझीझ तिच्यावर ओरडतो, तेव्हा ती बूट काढल्याचं साधेपणानं सांगते आणि त्याचा राग तिथेच विरतो. नंतर गुहेतला प्रतिध्वनी ऐकून तिच्या आत काहीतरी कायमचं विझतं. अजिंठ्याच्या लेण्यांत हाक मारून पाहिलेल्या आपल्याकडच्या माणसाला तो प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दोघी एकाच वयाच्या, एकाच देशातून आलेल्या, तरी एकीचं म्हातारपण दुसरीला उसनं देता येत नाही. मालिकेसाठी तिला बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि सिनेमासाठी 77 व्या वर्षी ऑस्कर. ऑस्करच्या रात्री ती गेली नाही, कारण जुना सहकारी मायकेल रेडग्रेव्ह नुकताच वारला होता. पुरस्कार अँजेला लॅन्सबरीनं घेतला. 1988 मध्ये 'मादाम सुझात्स्का'त ती शबाना आझमीबरोबर दिसली. 14 जून 1991 रोजी तिचं निधन झालं.

तालमीत लगेच करून पाहण्याजोगी गोष्ट तिच्या अगदी सुरुवातीच्या कामात आहे. हिचकॉकच्या 1935 च्या 'द थर्टी नाइन स्टेप्स'मध्ये ती स्कॉटलंडमधल्या एका संशयी शेतकऱ्याची तरुण बायको आहे. भूमिका जेमतेम काही मिनिटांची. जेवणाआधी नवरा प्रार्थना म्हणतोय, टेबलावर वर्तमानपत्र पडलंय, आणि तिच्या लक्षात येतं की घरी आलेला पाहुणा हाच पोलिसांना हवा असलेला माणूस. ती वर्तमानपत्राकडे पाहते, पाहुण्याकडे पाहते, आणि नवरा तिला पाहुण्याकडे बघताना पाहतो. त्याला भलताच संशय येतो. तिच्या तोंडी शब्द एकही नाही.

हा प्रसंग आपल्या घरात आणा. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर कळण्याची भाकरी आणि भरीत, तिघं जेवायला बसलेले. ताट जरा सरकलं आणि खालचा फोटो दिसला. पहिल्यांदा चोवीस वर्षांच्या सुनेचा प्रसंग करा. ती फोटो पाहील, लगेच पाहुण्याकडे बघेल, आणि हात भाकरीवर थांबेल. मग तोच प्रसंग साठीच्या सासूचा करा. काठी नको, केसांना रंग नको, आवाजाचा प्रश्नच नाही. तिचा हात थांबणार नाही. ती घास पुरता चावेल, ताट हळूच परत फोटोवर सरकवेल, आणि मगच मान आणि खांदे एकत्र वळवून पाहुण्याला विचारेल, अजून भाकरी वाढू का.