शेतघराची पाईपलाईन उन्हाळ्यासाठी बंद करतोय, काम कुठवर आलं ते

हुरड्याचा सीझन संपला, आता शेतघराला कुलूप ते थेट मृगापर्यंत. थंड मुलखातले लोक हिवाळ्यात घर बंद करताना पाईपातलं पाणी काढतात, कारण पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण 9 टक्के फुगतं आणि पाईप फोडतं. आपल्या सोलापुरात बर्फाचं काही नाही, पण एप्रिल-मे मध्ये 42-43 डिग्रीला बंद घरातली लाईन तेवढीच हाल सोसते, म्हणून मी त्यांचीच पद्धत उचललीय, लाईन पूर्ण रिकामी करायची.

त्यासाठी लाईनच्या सगळ्यात खालच्या जागी, मोरीच्या मागं, एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बॉल व्हॉल्व्ह बसवलाय. टाकीचा व्हॉल्व्ह बंद, खालचा उघडा, आणि घरातले सगळे नळ उघडे ठेवायचे म्हणजे वरून हवा शिरते, नाहीतर पाणी मध्येच अडकून बसतं. सुरुवातीला जोरात आलं, मग धार बारीक झाली, आणि शेवटी गढूळ पाण्याबरोबर पांढऱ्या क्षाराचे पापुद्रे पडायला लागले, आपल्या बोअरचं पाणी जड, ते तर होणारच. गिझरची आधी लाईट बंद केली, गार होऊ दिला, मग इनलेटचा पाईप सोडवून तोही रिकामा केला.

टाकी मात्र पूर्ण रिकामी केली नाही, हे मुद्दाम. वळवाच्या वाऱ्यात रिकामी प्लॅस्टिकची टाकी गच्चीवरून उडून जाते. म्हणून पाव टाकी पाणी ठेवलं, झाकण तारेनं बांधलं, ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी.

गच्चीवरच्या पाईपाचं खरं दुखणं ऊन. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा पाईप, उन्हात खडूसारखा पांढरा पडतो नि ठिसूळ होतो, मग नुसता धक्का लागला तरी तडकतो. त्याला पॉलिश पेपर मारून पाण्यात मिसळणारा पांढरा रंग दिला, दोन हात. ऑइल पेंट नको, त्यातलं थिनर प्लॅस्टिकला मानवत नाही. आणि क्लॅम्प आवळून टाकू नका राव, 10 मीटरचा पाईप 30 डिग्रीच्या फरकात दीड-दोन सेंटीमीटर लांबतो, त्याला सरकायला जागा पाहिजे. मी क्लॅम्प ढिले ठेवलेत आणि लांब सरळ भागात एल्बो (काटकोनी जोड) लावून एक वळसा दिलाय.

आता नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या तोंडाशी पाणी साठवून वास अडवणारा भाग. घर बंद असलं की त्यातलं पाणी आटतं आणि सेप्टिक टँकचा वास नि झुरळं दोन्ही वर येतात. थंडीच्या देशात ट्रॅपमध्ये न गोठणारं लिक्विड ओततात, मी ट्रॅप पाण्यानं भरून वर पळीभर गोडंतेल सोडलं. तेलाचा थर तरंगतो, खालचं पाणी लवकर उडत नाही. बेसिन, मोरी, संडासचा पॅन, कुठलंच सोडलं नाही.

राहिलं ते अवघड काम, बोअर ते टाकी जमिनीतली लाईन. आपली काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत अख्खा हात जातो, आणि माती सरकली की पाईप ताणला जाऊन जॉइंट निसटतो, चिकटवायचं सोल्युशन कितीही चांगलं असू दे. चर खोल करून पाईपाच्या खाली-वर मुरूम भरायचा ठरवलंय, म्हणजे माती त्याला धरून ओढणार नाही. शेजारच्या मळ्यातले अण्णा म्हणतात, कशाला चर खणतोस, यूपीव्हीसी काढ आणि अखंड एचडीपीईचं (लवचिक प्लॅस्टिक पाईपाचं) बंडलच टाक, मध्ये जॉइंटच नको. मला पटलंय, पण बोअरच्या तोंडाशी आणि टाकीशी जॉइंट येणारच, तिथं कॉम्प्रेशन फिटिंग (नट आवळून पाईप धरणारं) टाकावं की फ्लँज (बोल्टनं जोडायच्या चकत्या), यावर गाडी अडलीय. काळ्या रानात कुणाची एचडीपीई दोन-तीन उन्हाळे टिकली असेल तर कुठलं फिटिंग वापरलं ते सांगा, चर उघडीच ठेवलीय.