खांडा

आजोबांच्या वस्तऱ्याला खांडा पडला तो माझ्याच हातून. दाढी उरकून पातं नळाखाली धरलं होतं, हाताला साबण होता, आणि ते पितळी तोटीला टेकलं. टेकलंच फक्त, आपटलं नाही. पण वस्तऱ्याचं पोलाद इतकं कडक असतं की त्याला वाकणं माहीत नाही, सरळ टवकाच उडतो. आमची विळी त्या मानाने गरीब स्वभावाची. नारळ फोडायला घेतली तरी जरा वाकडी होते आणि चालू लागते.

खांडा डोळ्यांना दिसेना. अंगठ्याच्या नखावर धार हलकेच ओढली तेव्हा एका ठिकाणी ती अडली, खिळ्याला धोतराचा धागा अडकावा तशी. सराफाकडे असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं, तेव्हा कुठे दिसला. रव्याच्या कणाएवढा. हिला दाखवला. तिने भिंगातून पाहिलं, मग भिंगावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दहा रुपयांत ब्लेड मिळतं."

मिळतं, खरं आहे. 1903 साली जिलेटचा बदलत्या पात्यांचा रेझर विक्रीला आला तेव्हापासूनच या वस्तऱ्याचे दिवस भरत आले. आता सलूनमध्येही कागदासकट मधोमध मोडलेलं अर्धं ब्लेड अडकवतात आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून देतात. एचआयव्हीच्या भीतीनंतर ते बरंच झालं. पण मी नुकताच निवृत्त झालेला माणूस. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, म्हणतात ना? माझ्याकडे तर वस्तराही होता.

बुधवारी गंगेवर गेलो. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, बाहेरगावच्या माणसाचा एकदा तरी घोटाळा होतोच.) बाजार भरला होता. रामकुंडाजवळ मुंडन करणारे एक म्हातारे मामा हातातलं डोकं संपवून हात पुसत होते. त्यांच्यापुढे वस्तरा धरला. त्यांनी तो नखावर ओढला नाही की भिंग मागितलं नाही. उन्हाकडे तोंड करून पातं नाकासमोर उभं धरलं आणि म्हणाले, "हा बघा, चमकतोय."

तेव्हा कळलं. धार नीट असली की उजेड परतवायला तिथे पृष्ठभागच उरत नाही, म्हणून ती वरून पाहिली तर दिसत नाही. दिसते ती बोथट जागा. सगळी धार काळी रेघ होऊन नाहीशी झालेली आणि मधेच एक ठिपका लुकलुकत होता.

"भरता येईल का हो?"

"खांडा भरत नसतो भाऊ. बाकीची धार खाली आणायची, त्याच्याबरोबर." मग माझ्या हातांकडे बघून, "तेवढीच जागा घासत बसू नका. तिथे खड्डा पडेल."

म्हणजे रव्याच्या कणासाठी तीन इंच पोलाद झिजवायचं. मला ते फार अन्यायाचं वाटलं. पण दुसरा इलाजही नव्हता.

एका बाजूला 1000 आणि दुसऱ्या बाजूला 6000 नंबरचा पाणदगड मागवला. आकडा जितका मोठा तितका दगड मऊसूत. तो आधी भिजवावा लागतो. भिजवायला मी पोह्यांचं पातेलं घेतलं, त्यावर दोन दिवस घरात बोलणं झालं. दगड सपाट आहे का ते पाहायला त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि काचेवर पॉलिशपेपर ठेवून दगड त्यावर घासायचा. जिथल्या रेघा उरतात तिथे दगड खोलगट.

वस्तरा पाजळताना कोन मोजावा लागत नाही, ही त्याची सगळ्यात देखणी गोष्ट. पातं आडवं ठेवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या. पाठीच्या जाडीतूनच कोन ठरतो, बनवणाऱ्याने तो आधीच करून ठेवलेला असतो. मग धार पुढे करून ढकलायचं, जणू दगडाचा पापुद्रा काढायचाय. शेवटी पाठीवरून उलटायचं, धारेवरून कधीच नाही. दोन्ही बाजूंना सारखे हात. जोर मात्र द्यायचा नाही, आणि मला तेच जमत नव्हतं.

पाणी राखाडी झालं. पाठीवर दोन्हीकडे एक चकचकीत पट्टी दिसू लागली, आणि मग लक्षात आलं की ती माझ्यामुळे पडलेली नाही. तशी पट्टी तिथे आधीच होती, जुनी, रुंद, कडा काळवंडलेली. आजोबाही हेच करत बसले असणार, कितीतरी वेळा. पातं मूळचं किती रुंद होतं ते आता कोणीच सांगू शकणार नाही. मुठीजवळचा जर्मनीतल्या सोलिंगन गावचा शिक्काही अर्धाच उरलाय.

तिसऱ्या दिवशी लुकलुकणं थांबलं. मग 6000ची बाजू. हौशी लोक पुढे 8000, 12000पर्यंत जातात. आमच्या घरात तेवढी पातेली नाहीत. शेवटी खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा बांधून साठेक हात मारले. इथे सगळं उलटं, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जायचा. पट्टा ताणून धरावा लागतो; सैल पडला तर धार गोल होते. मनगटावरचे केस उडाले. फार बरं वाटलं.

रविवारी आरशासमोर उभा राहिलो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नाशिक, अशी कथा आहे. तेव्हा या गावात नाकाखाली वस्तरा फिरवताना माणसाने जपूनच राहावं. ओठावर जपलो. गालावरून तर पातं इतकं हलकं गेलं की ते चाललंय की नाही ते फेसाकडे बघून कळत होतं. म्हणून हनुवटीवर जरा सैल झालो.

"अगं, तुरटी कुठे आहे?"

उत्तर आलं नाही. दार किलकिलं झालं आणि तुरटी आत आली.