काळ्या स्वेटरच्या निळ्या बाह्या

"मी पांढरी मागितली होती. तू मला पिवळी दिलीस."

पंचवटीतल्या काकूंनी काउंटरवर पिशवी उपडी केली. आतून बाळाचा अर्धवट विणलेला स्वेटर सुयांसकट बाहेर आला. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. निफाडचा पारा उतरल्याची बातमी आदल्या दिवशी पेपरात होती, आणि लोकरीच्या दुकानात त्या बातमीचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या दिवशी शटर वर करायच्या आत पायरीवर चार बायका उभ्या असणार. त्या चौघींसमोरच काकू हे बोलल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्याशी आवाज चढवलेला नव्हता.

आमचं दुकान नाशिकच्या मेन रोडच्या आतल्या एका गल्लीत आहे, दहा फुटी. सासऱ्यांनी सुरू केलं, ते थकल्यावर मी बसायला लागले. थंडीचे तीन महिने सोडले तर वर्षभर हे दुकान बाळंतविड्यावर चालतं. टोपडी, पायमोजे, कुंची, छोटे स्वेटर. त्याला जोड रुखवताची आणि तोरणांची, क्रोशाच्या दोऱ्याची. आयते स्वेटर घ्यायला लोक शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमध्ये जातात, ते बरोबरच आहे, त्यांच्याशी आमची स्पर्धा नाही. आमच्याकडे येते ती हातानं विणणारी बाई. ती लोकर म्हणून मागते ते बहुतेक वेळा लुधियानाहून आलेलं ॲक्रिलिक असतं, आणि तिलाही ते माहीत असतं. बाळाला टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं, म्हणून तिला तेच हवं असतं.

या धंद्यात खरं काम रंगाचं आहे. गुंड्यावरच्या कागदी पट्टीवर दोन आकडे असतात, शेडचा आणि लॉटचा. शेड म्हणजे रंग, लॉट म्हणजे रंगाऱ्याचा एक घाणा. एकाच शेडचे दोन लॉट हुबेहूब सारखे कधीच नसतात. गुंडे शेजारी ठेवले तर फरक कळत नाही. पाठ एका लॉटची आणि पुढचे भाग दुसऱ्या लॉटचे विणून खांद्यावर शिवले की मग उन्हात चट्टा दिसतो. मोठ्या माणसाच्या स्वेटरला चारपाचशे ग्रॅम लागते, म्हणून मी बायकांना सांगते, सगळी एकदम न्या, उरली तर पट्टी असलेले गुंडे परत घेईन. लॉट संपलाच असेल तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं थोडं वर जाईपर्यंत विणा, म्हणजे सांधा डोळ्यात येत नाही. हे मी रोज तळमळीनं सांगते. आणि आमचा एक पुरवठादार एकाच पाकिटात दोन लॉट घालून पाठवतो. फोन केला की म्हणतो, "ताई, कोण बघतंय एवढं?" विणणारी बाई बघते. महिनाभर रात्री जागून तिनं ते विणलेलं असतं.

दुकानातला उजेड हा दुसरा शत्रू. आमच्या दिव्याखाली मरून आणि चॉकलेटी बहिणी वाटतात, ओट्यावर नेले की एकमेकींना ओळखत नाहीत. म्हणून गुंडा घेऊन मी गिऱ्हाइकाला बाहेर उन्हात पाठवते. हल्ली मुली मोबाईलवरचा फोटो दाखवून "हाच रंग" म्हणतात. त्यांची क्रोशाची फुलं बघून मला मनापासून आनंद होतो, पण मोबाईलमधला रंग हा रंग नव्हे, हे त्यांना पटवता पटवता माझा घसा बसतो.

सासऱ्यांनी मला हे शिकवलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत त्यांनी काळा, नेव्ही ब्लू, गडद चॉकलेटी, बाटली हिरवा असे पंधरावीस गुंडे पट्ट्या काढून टोपलीत कालवले आणि सकाळी अकराच्या उन्हात मला ओट्यावर बसवलं. लाव म्हणाले. मी चार चुकवले. दुसऱ्या दिवशी दोन. आठवड्यानं एकही नाही. "काळ्यातला निळा ओळखता आला की दुकान चालवता येईल," असं ते म्हणायचे. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "शेड गिऱ्हाइकाची, लॉट आपला." म्हणजे लॉट चुकला तर दोष आपला, पण रंग कुठला घ्यायचा त्यात आपण तोंड घालायचं नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं पाळलं.

काकू आमच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांची वीण डोळे मिटून ओळखावी अशी. बॉर्डरला 12 नंबरच्या सुया, वर 10 नंबरच्या, आणि उलटी बाजू सुलट बाजूइतकीच स्वच्छ, एक गाठ दिसणार नाही. मी टाके घट करायला शिकले ते त्यांच्याकडून, काउंटरच्या अलीकडे पलीकडे उभ्या राहून.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी नातवासाठी काळा स्वेटर विणायला घेतला होता. लोकर कमी पडली म्हणून एका रविवारी पुन्हा आल्या. नमुन्याला तुकडा आणला नव्हता. फळीवरून त्यांनी स्वतः तीन गुंडे काढले, नेव्ही ब्लूचे.

"काकू, हा नेव्ही आहे."

"काळाच आहे. मी काय आंधळी आहे का?"

दुकानात माणसाला माणूस चिकटलेला होता. मी पट्टीवरचा आकडा त्यांना दाखवू शकले असते, ओट्यावर नेऊ शकले असते. दोन मिनिटांचं काम. पण त्यांचा चेहरा उतरलेला मला बघवला नाही, गर्दीही होती, आणि शेड गिऱ्हाइकाची. मी गुंडे पिशवीत घातले. महिन्याभरानं नातू तोच स्वेटर घालून दुकानाशेजारून गेला. अंग काळं, बाह्या निळ्या. त्याला बहुधा तशीच फॅशन वाटली असावी.

त्यानंतर मी एक केलं, आणि सगळा प्रश्न तिथंच आहे. काकूंचा हात कुठे जातो ते बघायचं मी सोडून दिलं, त्या तोंडानं काय म्हणतात ते ऐकायला लागले. त्या "पिस्ता दे" म्हणत आणि बोट आकाशीवर ठेवत. मी पिस्ताच काढून बांधत असे. "पांढरी" म्हणत हात क्रीमवर गेला, तर मी पांढरी देत असे. घरी गेल्यावर त्यांना तक्रार करायला जागा नसायची, कारण मागितलं तेच मिळालेलं असायचं. सूनही म्हणायची, आईंची रंगांची जाण अजून किती छान आहे. तीन वर्षं मी हे केलं. मला वाटायचं मी त्यांचा मान राखते आहे. खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता.

दिवाळीच्या आधी मी चार दिवस गावी गेले. दुकानात नवी मुलगी होती, कामाला लागून महिनाही झाला नव्हता. काकू आल्या, पणतवंडाच्या बारशासाठी पांढरी लोकर हवी म्हणाल्या, आणि क्रीमच्या गुंड्यांवर हात ठेवला. मुलीनं हात ठेवलेले गुंडे दिले.

म्हणून त्या सकाळी काकू ओरडल्या तेव्हा मला क्षणात सगळं समजलं. तरी मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर मुलीकडे वळून तिला सगळ्यांदेखत विचारलं, "पांढरी आणि क्रीम कळत नाही तुला?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "ताई, काकूंनीच हात लावून घेतली." तिची एवढीशीही चूक नव्हती. मी संध्याकाळी तिची माफी मागितली, पण ती चौघींसमोर मागायला हवी होती.

काकूंनी काळा चष्मा काढला. "अगं, माझा हा डोळा केलाय. तीन आठवडे झाले. मोतीबिंदू." उजव्या डोळ्याकडे बोट होतं. डावा अजून व्हायचा होता. घरातले दोन वर्षं म्हणत होते, पिकू दे मग बघू. डॉक्टरांनी सांगितलं, पिकायची वाट बघायचे दिवस गेले, आधीच यायला हवं होतं.

मी फळीवरून पांढरीचा एक गुंडा काढला आणि त्यांच्या क्रीमच्या गुंड्याशेजारी ठेवला. काकूंना बाहेर ओट्यावर नेलं. ऊन नुकतंच गल्लीत उतरलं होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग आपणहून डाव्या डोळ्यावर हात ठेवला.

"ही पांढरी. ही साय."

मग उजवा झाकला. हात तसाच राहिला. पुन्हा डावा झाकला, पुन्हा उजवा.

"दोन्ही एकच आहेत गं," त्या म्हणाल्या. "या डोळ्याला दोन्ही एकच आहेत."

डोळ्यांच्या डॉक्टर असलेल्या आमच्या एका गिऱ्हाईकताईंनी मला नंतर समजावलं. वय होतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, निळा उजेड अडवतं. मग निळा काळ्यात मिसळतो, आकाशी हिरव्याकडे झुकतो, पांढरं आणि फिकट पिवळं यांतला फरक पुसला जातो. आणि हे इतकं सावकाश होतं, की ज्याचं होतं त्याला पत्ता लागत नाही. एक डोळा करून नवं भिंग बसवलं की दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात, तेव्हाच माणसाला पहिल्यांदा कळतं.

काकू ओट्यावर बसल्या. आत बायका खोळंबल्या होत्या, मुलगी एकटीनं सांभाळत होती. काकूंनी हळूच विचारलं, "नातवाचा तो काळा स्वेटर?"

"बाह्या निळ्या आहेत, काकू."

"तू तेव्हा म्हणालीस मला. नेव्ही आहे म्हणून."

"हो."

"मग पुढे कधी का नाही म्हणालीस? त्याच्यानंतर मी किती वेळा आले."

मी सांगितलं. पिस्ता, आकाशी, सगळं. गुंडे बदलून देत होते हेही सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या माझ्याकडे न बघता ऐकत होत्या आणि अर्धवट स्वेटरचे सुईवरचे टाके अंगठ्यानं एकेक पुढे सरकवत होत्या, मोजत असल्यासारख्या.

"मला वाटायचं दिवेच मंद झालेत," त्या म्हणाल्या. "पोथीची अक्षरं, जिन्याच्या पायऱ्या. सुनेला सांगितलं तर ती बल्ब बदलायची. माझ्या घरात कुणाला कळलं नाही. तुला कळलं होतं."

मी गप्प राहिले. पांढरीचे तीन गुंडे एकाच लॉटचे बघून बांधले आणि पैसे घेणार नाही म्हणाले. त्यांनी पैसे मोजून गल्ल्याशेजारी ठेवले. क्रीमचा स्वेटर मी उसवून देते म्हणाले, तर तोही परत पिशवीत घातला. "हा असाच पुरा करीन. रंग वाईट नाहीये."

जानेवारीत त्यांचा दुसरा डोळा झाला. बारसंही झालं. पांढरा आणि सायीच्या रंगाचा, दोन्ही स्वेटर बाळंतविड्यात दिले, असं सुनेकडून समजलं. नातवाच्या स्वेटरच्या बाह्या मात्र काकूंनी उसवल्या. काळी लोकर घ्यायला फेब्रुवारीत आल्या. अंगाची जुनी लोकर होती तो लॉट कधीच संपलेला. काळ्यातही लॉट असतात, एक लालसर उतरतो, एक निळसर. मी तीन लॉटचे तीन गुंडे काढून ठेवले. पूर्वी त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या. या वेळी त्यांनी तिन्ही गुंडे आणि उसवलेला स्वेटर उचलला, एकट्याच ओट्यावर गेल्या, पाच मिनिटांनी आत येऊन एक गुंडा पुढे केला. मी निवडला असता तोच होता. मी तसं म्हटलं. त्या "हं" म्हणाल्या आणि लॉट नंबर स्वतः वाचून दाखवला, बाकीचे दोन त्याच नंबरचे दे म्हणून.

अजून येतात. पण काउंटरच्या अलीकडे पलीकडे उभं राहून बोलणं होतं, ते झालेलं नाही.

गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर आले. पत्नीनं जांभळ्या लोकरीचे दोन गुंडे आणायला पाठवलं होतं. त्यांनी चॉकलेटी उचलले, जांभळा म्हणून. मी त्यांना ओट्यावर नेलं, दोन्ही रंग शेजारी धरले आणि विचारलं, "सर, डोळे कधी दाखवलेत?" त्यांचा चेहरा लाल झाला. मला लोकर विक म्हणाले, डॉक्टरकी करू नकोस. गुंडे तिथेच ठेवून गेले. जांभळे दोन गुंडे त्यांच्यासाठी एका लॉटचे बाजूला काढून ठेवलेत. अजून आलेले नाहीत.