दादाला सगळे समजते

‘दादाला आपण बोललेले समजते का?’ हा प्रश्न ठाण्यातल्या आमच्या घरी येणारे बहुतेक जण मला विचारतात, आणि तोही दादाच्या देखत, आवाज जरा खाली आणून. तुम्हीही विचारलात, म्हणून नीट उत्तर देते.

दादाला सगळे समजते. घोडबंदर रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यापासून त्याला डिसार्थ्रिया आहे. काय बोलायचे ते ठरवणे, शब्द आठवणे, वाक्य जुळवणे हे सारे त्याचा मेंदू पूर्वीसारखेच करतो. बिघाड आहे तो तिथून ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांच्या स्नायूंना हुकूम पोहोचवण्यात. ॲफेझियाची गोष्ट वेगळी. त्यात भाषेलाच धक्का बसतो आणि वाचणे-लिहिणेही अडते. एकाच रुग्णाला दोन्ही असू शकतात, म्हणून स्पीच थेरपिस्टकडून तपासणी करून घ्यावी लागते. दादा मात्र वर्तमानपत्रातले शब्दकोडे रोज सोडवतो.

‘ब’ म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाकडची वाट बंद व्हावी लागते. दादाचा तो भाग पुरेसा उचलला जात नाही, हवा नाकातून निसटते आणि ‘ब’चा ‘म’, ‘द’चा ‘न’ होतो; त्याने ‘बाबा’ अशी हाक मारली की पाहुण्यांना ‘मामा’ ऐकू येते. संध्याकाळी थकल्यावर श्वास अपुरा पडतो आणि वाक्याची शेपटी ऐकूच येत नाही. शब्द असे ओढत आल्यामुळे स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने तो प्यायलेला आहे असे समजून त्याला बसू दिले नव्हते, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

दादा आता टेबलावर बोटाने ठेका धरून, एकेक अक्षर सुटे करत, एका श्वासात दोन-तीनच शब्द बोलतो. तरीही अडले, तर पाटीवरच्या मुळाक्षरांतले पहिले अक्षर दाखवतो, आणि तेवढ्यावरून शब्द बहुधा ओळखता येतो.

त्याच्याशी मोठ्याने बोलण्याची गरज नाही. त्याचे कान ठीक आहेत. टीव्ही बंद करा, त्याच्या ओठांकडे पाहा आणि त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. कळले नसेल तर उगीच मान डोलावू नका. जेवढे कळले तेवढे म्हणून दाखवा, म्हणजे त्याला सगळे वाक्य पुन्हा म्हणावे लागणार नाही, राहिलेला शब्दच सांगावा लागेल.