काम झेपतं, निविदेत बसत नाही

"एखाद्या मोठ्या प्रकल्पाची कामं इथल्या छोट्या व्यावसायिकांना झेपतील का हो?" निविदांची कागदपत्रं तयार करून देणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे हे मला सारखं विचारलं जातं. झेपतील. अडतं ते निविदेच्या अटींत.

अशी निविदा डोळ्यांसमोर आणा: वाहनं, साफसफाई, कॅन्टीन, कुंपण आणि सुरक्षा, सगळं एकाच पॅकेजमध्ये, वर तेवढ्याच रकमेचं काम आधी केल्याचा दाखला. ज्याच्या गाड्या वर्षानुवर्षं रस्त्यावर आहेत तो वाहनांचं काम उद्यापासून सुरू करेल, पण कॅन्टीनचा अनुभव कुठून आणणार? तो निविदा भरतच नाही. मग बाहेरची मोठी कंपनी काम घेते आणि त्याच्याच गाड्या कमी दराने पोटकंत्राटावर लावते. काम शेवटी त्यानेच केलं ना!

युरोपीय संघाच्या सरकारी खरेदीविषयीच्या २०१४ च्या निर्देशाने नेमकं यावर बोट ठेवलं. कामाचे भाग पाडा, पाडले नाहीत तर कारण नोंदवा. आणि किमान उलाढालीची अट, खास कारण नसेल तर, कंत्राटाच्या किमतीच्या दुपटीवर नेऊ नका. स्थानिकांसाठी कामांचा राखीव कोटा ठेवण्यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं. स्थानिक म्हणून दर्जात सूट द्या, असं मी कधीच म्हणणार नाही.

दुसरी अडचण माहितीची. मुख्य कंत्राटाच्या खालची कामं ओळखीपाळखीतच वाटली जातात. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी 'कॉम्पीटफॉर' हे संकेतस्थळ होतं, त्यावर अशी कामंही जाहीर व्हायची.

पण माणूस खरा मोडतो तो बिलापाशी. "आम्हाला वरून आले की तुम्हाला देऊ." बांधकाम कंत्राटांतली ही अट ब्रिटनने १९९६ च्या कायद्याने, मोजका अपवाद सोडून, निष्प्रभ केली. भारतात २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण पुढचं काम त्याच कंत्राटदाराकडून मिळणार असताना व्याज मागायला कोण धजावेल? म्हणून प्रकल्पाच्या मालकानेच मूळ करारात लिहावं: पोटकंत्राटदारांचे मागचे पैसे चुकते केल्याचा पुरावा जोडल्याशिवाय मुख्य कंत्राटदाराचं पुढचं बिल मंजूर होणार नाही.